लेकरू कोणाचे?

आपल्या खेड्यांत एखादे अनोळखी लेकरू पारावर दिसले म्हणजे म्हातारी माणसे त्यास पहिला प्रश्न विचारतात, "कुणाचं रं तू?" लेकरू बापाचे नाव सांगते, कधी आज्याचे सांगते, आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. मीही हा प्रश्न शेकडो वेळा विचारला आहे. परंतु अलीकडे काही प्रसंग असे घडले की, तोच प्रश्न माझ्या मनात येऊन बसला व बापाच्या नावाने त्याचे उत्तर पुरे होईना. लेकरू खरोखर कोणाचे? शेत, बैल, विहीर ही जशी आपली, तसे ते आपले आहे काय?

कोणी म्हणेल, हा पंडितांचा प्रश्न आहे; रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांस त्याचे काय? मला तसे वाटत नाही. गर्भार बाईच्या ताटात किती भाकरी पडावी येथपासून मुलीचे लग्न कधी करावे येथपर्यंत घरात जे जे ठरते, ते ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. उत्तर कोणी तोंडाने देत नाही इतकेच.

प्राचीन रोमी लोकांत बापाची सत्ता एवढी होती की, नवे जन्मलेले मूल वाढवावे की बाहेर टाकून द्यावे हे तो ठरवी. आपण हे वाचून कानांवर हात ठेवतो. परंतु पोटातील गर्भ मुलीचा आहे हे कळल्यावर तो पाडणारे घर त्या रोमी बापाहून फार दूर गेले आहे असे मला म्हणवत नाही. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य आपलेच. महाराष्ट्राने तो 1988 साली केला, व देशासाठी 1994 साली कायदा झाला. असे असूनही 2011 च्या शिरगणतीत ह्या राज्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ 894 भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. आपल्या मंडळ्यांत असे घडत नाही, असे छाती ठोकून सांगणारा कोणी उपदेशक असेल तर त्याने मला अवश्य भेटावे.

गर्भिणीच्या आहाराची गोष्ट साधी दिसते, पण तीही ह्यातलीच आहे. पुष्कळ सासवांची अशी समजूत असते की, बाईने जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल व सुटका अवघड होईल. ही समजूत चुकीची आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असलेल्या बाळंतिणीस थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. लोहाच्या गोळ्या निदान 180 दिवस घ्यावयाच्या असतात. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो म्हणून भिऊन बायका त्या फडताळात ठेवून देतात. तो रंग गोळीचा आहे, त्यात भय नाही. दवाखान्यात निदान चार वेळा तपासणी करवावी, बाळंतपणही तेथेच करावे, आणि मूल जन्मल्यापासून तासाभरात त्यास अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर चीकदूध कित्येक घरी अजून पिळून टाकतात व बाळास मध किंवा गुळाचे पाणी चाटवितात. ज्यास देवाने पहिली शिदोरी म्हणून दिले ते आपण मातीत ओततो! सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको. मग मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे. हे सर्व आशाताई दारोदार सांगतच असतात. मी एवढेच म्हणतो की, ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीत सासूचा शब्द, नवऱ्याचा खर्च आणि गावाची रीत ह्यांची बाजू घेणारे कोणी ना कोणी घरात असते. बाळाची बाजू घेणारे मात्र बाळ स्वतः असू शकत नाही.

लहान मुलांविषयी मी थोडकेच लिहितो. लस वेळेवर टोचवावी, अंगणवाडीत धाडावे, आणि हात आवरावा. मारल्यावाचून पोर सुधारत नाही असे म्हणणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांची पोरे मार चुकविण्यात फार सुधारतात. इफिसकरांस लिहिताना पौलाने लेकरांस आज्ञापालन सांगितले व लगेच बापांसही बजावले की, लेकरांस चिडीस आणू नका. पहिला अर्धा भाग आपल्या घरांत सर्वांस पाठ असतो.

आता बाराव्या वर्षाची गोष्ट. ही आपल्या जिल्ह्याच्या पूर्वजांची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. जालन्याजवळचे बेथेल ज्यांनी वसविले त्या रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचे नाव ठाऊक नाही असा वाचक येथे विरळा. ब्राह्मण कुळातील हा तरुण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला व 1843 साली त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1860 च्या दशकात ते आपल्या ह्या भागात आले, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांजकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल गाव उभे राहिले. ही कथा आपण सणावारी सांगतो. परंतु नारायणास श्रीपत नावाचा धाकटा भाऊ होता, त्याची कथा आपण क्वचितच सांगतो. श्रीपत सुमारे बारा वर्षांचा. तोही त्याच शाळेत शिकत होता व भावाच्या मागोमाग मिशनरी लोकांच्या आश्रयास राहिला. बापाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलाच्या इच्छेकडे न पाहता त्यास बापाच्या स्वाधीन केले. अल्पवयी मुलाचा ताबा बापाचा, असा त्यांचा निकाल. पुढे त्या मुलाने मिशनच्या घरी अन्न घेतले म्हणून त्यास जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर मोठे वादळ झाले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्यास घ्यावे म्हणून खटपट केली व त्यापायी कर्मठांचा रोष आपल्यावर ओढवून घेतला.

सेमिनरीत असताना मी ही हकीकत प्रथम वाचली, तेव्हा मला त्या न्यायाधीशाचा संताप आला होता. आज मला स्वतःस मुले आहेत, आणि आज मी त्या बापाकडेही पाहतो. एक मुलगा गेला. दुसरा जात आहे. घरी त्यांची आई बसून आहे. बारा वर्षांच्या मुलास आपले मन कळते हे खरे. परंतु ते मन त्याचे किती आणि थोरल्या भावाच्या प्रेमाचे किती, हे त्यास तरी सांगता आले असते काय? प्रभु येशूही बारा वर्षांचा असता मंदिरात मागे राहिला व आईबाप तीन दिवस त्यास शोधीत फिरले. आपण त्याच्या शहाण्या प्रश्नोत्तरांवर उपदेश करतो. तो त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला, हे वचन घाईने वाचून टाकतो. माझे मत विचाराल तर निकालातील दोष असा की, मूल बापाकडे धाडले हा नव्हे, तर मुलाचे म्हणणे जमेसच धरले नाही हा.

पुढे कायद्यानेही ही वाट धरली. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात असे आले की, मुलाचे हित कशात आहे हे न्यायालयाने पाहावे, आणि मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्यावी. एकाच पिढीत केवढा फरक! 1843 साली प्रश्न होता, हक्क कोणाचा. 1890 साली प्रश्न झाला, हित कोणाचे. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी बालकांच्या हक्कांचा करार केला व 1992 साली आपल्या देशाने तो मान्य केला. त्यातही हेच तत्त्व आहे की, मुलासंबंधी काही ठरविताना त्याचे म्हणणे ऐकावे व त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्यास वजन द्यावे. वयाच्या मानाने, हे शब्द मला मोलाचे वाटतात. दोन वर्षांच्या मुलास विहिरीच्या काठावर जाऊ देऊ नये, तेथे त्याची पसंती विचारावयाची नसते. सोळा वर्षांच्या मुलास दोन वर्षांच्या मुलाप्रमाणे धरून ठेवू नये. लेकरू ही ठेव आहे असे मी समजतो. ठेव सांभाळणाऱ्याची सत्ता मोठी असते, पण तिला मुदत असते, आणि ही ठेव दरवर्षी थोडीथोडी त्या लेकराच्याच हाती परत करीत जावयाची असते.

येथे आपल्यासाठी एक अवघड जागा आहे. नारायणाने बापाचा धर्म सोडला, ते त्याच्या विवेकाचे स्वातंत्र्य म्हणून आपण गौरवितो. मग उद्या माझा मुलगा मोठा होऊन माझ्या मंडळीत बसावयास नको म्हणाला तर? हे वाक्य लिहिताना माझी लेखणी थांबली. परंतु जे माप नारायणाच्या बापास, तेच मला. मी मुलास शिकवीन, त्याच्यासाठी प्रार्थना करीन, त्याच्याशी वाद घालीन. त्यास कोंडून ठेवण्याचा अधिकार मला नाही. पालकांच्या एका सभेत मी हे बोललो तेव्हा दोन वडील मंडळी उठून गेली. त्यांचा राग मला समजतो.

वयात आलेल्या मुलामुलींशी आपण बोलतच नाही, ही आपल्या घरांची मोठी उणीव आहे. मुलीस प्रथम विटाळ येतो तेव्हा ती भिते, आणि तिला शेजारीण सांगते ते खरे वाटते. मुलास तर कोणीच काही सांगत नाही. त्यास जे कळावयाचे ते मोबाईलवर कळते, आणि कसे कळते ते न लिहिणे बरे. बापाने मोबाईल हिसकावून घेतला की प्रश्न मिटला असे त्यास वाटते. आईने मुलीजवळ व बापाने मुलाजवळ, लाज बाजूस ठेवून, देहाच्या ह्या गोष्टी सरळ शब्दांत बोलाव्या. पहिल्या दिवशी जीभ अडखळते, दुसऱ्या दिवशी कमी.

आणि आता लग्न. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस किती घरे जातात हे वाचकांस ठाऊक आहे. मुकादम उचल देतो ती एका माणसाला नव्हे, कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून मुलाच्या घरी सून म्हणजे अर्धा कोयता, आणि मुलीच्या घरी भीती की, आम्ही सहा महिने कारखान्यावर, पोरगी मागे कोणाच्या भरवशावर? ह्या दोन गरजा एकत्र आल्या की पंधराव्या-सोळाव्या वर्षी हळद लागते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शेकडा सुमारे 22 होत्या. शेजारच्या बीड व परभणी जिल्ह्यांत हे प्रमाण शेकडा 40 च्या वर आढळले. ख्रिस्ती लोकांनी ह्यात स्वतःस वेगळे समजू नये. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात आपल्या मुलीचे वय तेरा वर्षे पुरे झाले म्हणजे लग्नास पुरत असे! आज सर्वांस एकच नियम: मुलगी अठरा, मुलगा एकवीस, आणि 2006 च्या कायद्याने असे लग्न लावणाऱ्या पाळकासही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक बाप मजकडे आला व लग्नाची सूचना वाचा म्हणाला. मुलगी सोळाची. मी कायदा सांगितला, सूचना वाचण्यास साफ नकार दिला, व आपले कर्तव्य झाले असे मानून जेवावयास बसलो. लग्न पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी झाले. त्या सर्व काळात मी मुलीशी एक शब्दही बोललो नव्हतो. बाप म्हणे, माझी पोरगी. मी म्हणे, कायद्याची अल्पवयी. ती स्वतः काय म्हणते हे दोघांनीही विचारले नाही. पुढल्या वर्षी ती मला जालन्यास सरकारी दवाखान्याच्या आवारात दिसली, कडेवर मूल होते. तिने मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून पेलत नाही.

ह्या वर्षी पोळा झाल्यावर दुसरा बाप तेच घेऊन आला. ह्या वेळी मी त्यास बसविले, चहा दिला, आणि माझ्या पत्नीस मुलीकडे पाठविले. मुलगी पुष्कळ वेळ गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "दहावीची परीक्षा द्यायचीय. पण बाबांना मी सांगितलं म्हणून सांगू नका." बापास मी एवढेच विचारले की, तुम्ही तिला कधी विचारले काय? ते म्हणाले, "पाळकसाहेब, विचारून काय करू? ठेवू कुठं?" हा प्रश्न खरा होता, व कायद्याचे कलम त्याचे उत्तर नव्हते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, त्यांची आम्ही चौकशी केली. मुलीस एकटे तिकडे धाडण्यास आई तयार होईना. अखेर आमच्या मंडळीतील एक विधवा बाई, जिच्या स्वतःच्या दोन मुली शाळेत आहेत, ती म्हणाली, माझ्याकडे राहू दे, दाण्यागोट्याचे तेवढे बघा. धान्य चार घरांनी वाटून घेतले. बाप एवढेच कबूल झाला की, ह्या हंगामापुरते. पुढच्या वर्षाचे वचन त्याने दिले नाही, मीही मागितले नाही.

ते दिवाळीनंतर ट्रकवर बसून कोल्हापूरकडे गेले. मुलगी आमच्या घरापासून तीन घरे सोडून राहते. दर रविवारी भक्ती आटोपल्यावर तिच्या वडिलांचा फोन मजकडे येतो. पहिले दोन रविवार ते माझ्याशीच बोलले, पोरगी नीट वागते ना, कोणी काही बोलत नाही ना, असे विचारून फोन ठेवला. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "तिलाच द्या." ती फोन घेऊन ओट्यावर गेली व गणिताचा पेपर कसा गेला ते बराच वेळ सांगत होती.