सोंग आणि निरुपाय

दुसऱ्याच्या कष्टांचा देखावा पाहिल्यानें त्याचें दुःख आपणांस कळतें काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

कोल्हापुरानजीक कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या आवारांत जुनें खेडें पुतळ्यांच्या रूपानें उभें केलें आहे. शेतकरी, कुंभार, लोहार आपापल्या कामांत गढलेले पाहून लोक संतुष्ट होतात. विलायतेंतील वेल्स प्रांतांत तर जिवंत माणसांकडूनच असा देखावा करविण्यांत आला. २००७ सालीं बीबीसीच्या दूरचित्रवाणीनें ब्लेनॅव्हन गांवांतील जुन्या मजूरघरांत आजच्या तीन कुटुंबांस ठेवून १९२७ सालच्या खाणकामगारांप्रमाणें राहावयास लाविलें. पुरुष पायीं खाणीवर जात, स्त्रिया कोळशावर पाणी तापवीत, आणि कमाईप्रमाणें घर चालवावें लागे. त्या गांवची मोठी खाण १९८० सालीं बंद पडली व १९८३ पासून तिचें संग्रहालय झालें. तेव्हां आजोबांचे श्रम नातवांस दाखविण्याचा हा उद्योग व्यर्थ आहे, असें कोणी म्हणूं नये.

परंतु एक गोष्ट सोंगांत आणतां येत नाहीं, ती म्हणजे निरुपाय. पुतळ्यास भूक नाहीं व कर्जही नाहीं. त्या तीन कुटुंबांस भूक लागली असेल, अंग दुखलें असेल; पण कांहीं आठवड्यांनीं आपण स्वतःच्या घरीं परतूं, हें त्यांस ठाऊक होतें. खऱ्या खाणकामगारास परतावयास दुसरें घर नव्हतें. ह्याच प्रांतांत सेंगहेनिथ येथें १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं खाणींत स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. तरी पुढल्याच महिन्याच्या अखेरीस वांचलेले लोक त्याच खाणींत पुन्हा कामास लागले. पोट दुसरीकडे भरण्यासारखें नव्हतें. हें कोणता देखावा दाखवील?

आतां आपल्या जुन्नर-आंबेगांवाकडे दृष्टि वळवूं. उसाचा हंगाम लागला कीं बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून तोडणीचे मजूर येतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांस काम सोडून जातां येत नाहीं. आई पहाटेच्या थंडींत फडांत मोळ्या बांधते, तिचें मूल कोपीजवळ निजलेलें असतें, आणि त्याच उसांत बिबट्याही असतो. हें पाहावयास तिकीट पडत नाहीं. आपण त्या कोप्यांवरून रोज जातों, आणि मान वळवीत नाहीं.

कोणी म्हणेल, देखाव्यानेंच मन द्रवतें, मग त्यांत वाईट काय? वाईट कांहीं नाहीं. पण मेलेल्यांच्या कष्टांनीं डोळे पाणावले आणि जिवंतांच्या कष्टांपुढें ते कोरडे राहिले, तर तें द्रवणें केवळ करमणूक होय. म्हणून ह्या हंगामांत आपल्या बांधाशीं कोपी पडेल तेव्हां एवढें तरी विचारावें: बाई, पिण्याचें पाणी कोठून आणतां? पोराला शाळेंत घातलें काय? आणि पाणी दूर असेल, तर आपली विहीर दाखवावी.