मुक्ती हे ध्येय असावं, अट नसावी

व्यसनमुक्तीच्या कामात एक वाद कित्येक वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपाय एकच, पदार्थ पूर्ण बंद. दुसरी बाजू म्हणते, ज्याला आज सोडणं जमत नाही त्याला आधी जगवा. स्वच्छ सुई द्या, पर्यायी औषध द्या, एचआयव्हीपासून वाचवा. पहिल्यांना वाटतं, दुसऱ्यांनी हात टेकले. दुसऱ्यांना वाटतं, पहिल्यांना माणसापेक्षा तत्त्व मोठं झालं. पदार्थ कोणता, माणूस कोणत्या अवस्थेत आणि धोका किती जवळ, हे न विचारताच आपण बाजू घेतो, म्हणून हा वाद मिटत नाही, असं मला वाटतं.

महाराष्ट्राने पहिली बाजू फार जवळून पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मुंबई-पुण्यातली मध्यमवर्गीय घरंसुद्धा पोखरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि 1986 साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथली आणि तशा इतर केंद्रांमधली वाट साधारण अशी : आधी टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा शारीरिक त्रास, सोसण्यासाठी वैद्यकीय मदत, मग समूहोपचार, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं आणि बाहेर पडल्यावर फॉलोअप. सोबतीला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा आणि ‘फक्त आजचा दिवस’ हा मंत्र.

या पद्धतीचं बळ सोबतीत आहे. वर्षानुवर्षं घरात खोटं बोललेला माणूस मीटिंगमध्ये उभा राहतो, नाव सांगतो आणि बायकोचं मंगळसूत्र कुठे गेलं तेही सांगतो. समोरच्यांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर धक्का दिसत नाही, कारण बहुतेकांनी तेच केलेलं असतं. ती लाज अशी सगळ्यांमध्ये वाटून घेतल्यामुळेच पुष्कळांचं सावरणं सुरू होतं. दारूच्या बाबतीत तर ती संपूर्ण वर्ज्य करणं हाच बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. यकृत खराब झालेल्या माणसाला ‘जरा बेताने घे’ असं सांगण्यात अर्थ नाही. शरीर दारूवर अवलंबून असलेल्या माणसाचा पहिल्या पेल्यानंतर स्वतःवरचा ताबा सुटतो, हे त्याला स्वतःलाच सर्वांत चांगलं ठाऊक असतं.

पण याच देशात मणिपूरने दुसरं वास्तव पाहिलं. म्यानमारची सीमा जवळ, हेरॉइन स्वस्त आणि सुया मात्र दुर्मीळ. 1989 च्या उत्तरार्धापर्यंत तिथे सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही जवळजवळ नव्हता. काही महिन्यांतच, 1990 च्या मध्यापर्यंत, तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये तो सापडला. दोन-तीनदा स्लिप होऊन, म्हणजे पुन्हा नशेकडे वळून, चौथ्यांदा माणूस सुटतो, हा व्यसनमुक्ती केंद्रांचा नेहमीचा अनुभव. मणिपुरात तेवढी सवड नव्हती. एका स्लिपमध्ये वापरलेली दुसऱ्याची एक सुई पुरेशी होती. म्हणून 1996 मध्ये त्या राज्याने एड्सविषयक धोरणात हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही सुई-सिरिंज वाटप आणि पर्यायी औषधोपचार देशभर नेले. मुंबईत ‘संकल्प’सारख्या संस्था हेच काम रस्त्यावर राहणाऱ्यांमध्ये करत आल्या.

पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कुटून जिभेखाली ठेवतात. ती विरघळेपर्यंत पेशंटने समोरच बसायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळली तर गोळीचा उपयोग फारसा होत नाही आणि खिशात गेली तर बाहेर विकली जाते, म्हणून कार्यकर्ता लक्ष ठेवून असतो. शेवटी तो तोंड उघडून जीभ वर करायला सांगतो. एवढंच. पण त्या गोळीमुळे टर्की येत नाही, पैशांसाठी चोरी करावी लागत नाही, मजुरीला जाता येतं. शिवाय रोज येणारा माणूस रोज कुणाच्या तरी नजरेखालून जातो. हातावरचं गळू दिसतं, न थांबणारा खोकला ऐकू येतो, टीबीची तपासणी होते.

यावर ‘एक नशा काढून दुसरी दिली’ हा आक्षेप ठरलेला आहे. पण अफूवर्गीय नशेत अचानक सोडण्याचा स्वतंत्र धोका असतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग बाहेर पडून माणूस जुनाच डोस घेतो आणि त्यातच दगावतो. 2003 साली लंडनमधल्या एका अभ्यासात हेच दिसलं : डिटॉक्सनंतर ओव्हरडोसने दगावलेले पेशंट उपचार अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते, तो पूर्ण करणाऱ्यांतले होते. आपण ज्याला यश म्हणून निरोप देतो, तोच काही दिवस सर्वाधिक धोक्यात असतो. पर्यायी औषधावर टिकून राहिलेल्यांमध्ये मात्र मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळतं.

म्हणून सगळीकडे हाच मार्ग लावा, असं मी म्हणणार नाही. दारूला ब्युप्रेनॉर्फिनसारखा पर्याय नाही. मुंबई-पुण्यात पसरलेल्या एमडीलाही (मेफेड्रोन) नाही. शिवाय गोळी देणाऱ्या खिडकीलाही सवयीचा गंज चढतो. वर्षानुवर्षं गोळी दिली जाते. काम मिळालं का, घरी बोलणं झालं का, डोस कमी करून पाहायचा का, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. ते हानी कमी करणं राहत नाही, माणसाविषयीची अपेक्षा सोडून देणं होतं.

आणि हानी कुणाची मोजायची? नवरा रोज अर्ध्या बाटलीवरून पाव बाटलीवर आला तर कागदावर सुधारणा दिसते. मार खाणाऱ्या बायकोला ती दिसेलच असं नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी याचं आपलं उत्तर शोधलं : आडवी बाटली. मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करायचं. दुकान बंद झाल्याने कुणी व्यसनमुक्त होत नाही, हे त्यांना कळतं. पण दारू लांब गेली, महाग झाली, की रोजच्या मजुरीतले काही पैसे घरात येतात आणि काही रात्री शांत जातात. दारूबंदीची भाषा बोलणाऱ्या या बायका प्रत्यक्षात घराची हानी कमी करत असतात. ज्या दोन बाजू आपण एकमेकींविरुद्ध उभ्या करतो, त्या त्यांच्या आयुष्यात एकच आहेत.

मग रेषा कुठे ओढायची? माझ्या मते इथे : पूर्ण मुक्ती हे ध्येय असू द्यावं, मदतीची अट करू नये. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची तिसरी परंपराही सदस्यत्वासाठी फक्त दारू सोडण्याची इच्छा मागते. सोडून दाखवा मग या, असं म्हणत नाही. ज्याच्यात ती इच्छाही अजून उमटलेली नाही, त्याच्यासाठी सुई बदलून देणारी खिडकी असते. आपला कायदा मात्र अट सोडत नाही. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64 अ उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतं, पण उपचार पूर्ण केले नाहीत तर ती सूट काढून घेता येते. परत-परत पडणं हे ज्या आजाराचं लक्षण आहे, त्याच लक्षणाची ही शिक्षा. तिच्या भीतीने पेशंट दारापर्यंत येत नाही. तसेही येणारे थोडेच आहेत : 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते.

उरलेले 37 जण सोडण्याचा निश्चय करून आपल्याकडे येतील, या आशेवर धोरण आखता येत नाही. निवासी केंद्रातून घरी जाणाऱ्या गर्दच्या पेशंटला सहनशक्ती उतरल्याचा धोका स्पष्ट शब्दांत सांगायला हवा आणि पर्यायी औषध कुठे मिळतं तो पत्ता हातात द्यायला हवा. गोळीच्या खिडकीवर मीटिंगची वेळ लिहिलेली हवी. निश्चय मोडलेल्या माणसाला बांधून ठेवणाऱ्या, मारणाऱ्या खासगी केंद्रांना टाळं लागायला हवं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना मनाई केलेलीच आहे. आणि कोणत्याही केंद्राची पारख करताना तिथून किती जण सोबर झाले एवढंच विचारू नये. ज्याची स्लिप झाली तो दुसऱ्या दिवशी त्याच दारात बिनधास्त येऊ शकतो का, हेही विचारावं. येऊ शकत असेल, तर ते केंद्र कोणत्या पंथाचं आहे हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.