तुटलेल्या बोगद्याचे इमान

"ज्याच्या पोटात पाप नाही, त्याने पडदा कशाला घ्यावा?" आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर निघतो. निमित्त असते एका सहकाऱ्याच्या मोबाईलमधील व्हीपीएन नावाच्या ॲपचे. मधल्या सुट्टीत त्यांचा डबा उघडण्याआधी ते ॲप उघडते. 'जोडत आहे, जोडत आहे' असे म्हणत गोल गोल फिरते आणि शेवटी 'जोडणी अयशस्वी' असे सांगून स्वस्थ बसते. मग विज्ञानाचे तरुण मास्तर दुरुस्तीला बसतात आणि आमचे वयोवृद्ध संस्कृतचे मास्तर वरील प्रश्न टाकतात.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला सोपे वाटते. पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. म्हणून घरातले दुखणे, देणे-घेणे, मुलीच्या स्थळाची बोलणी आपण पाकिटात घालीत आलो. पाकीट डिंकाने चिकटविणाऱ्याला कोणी पापी म्हटल्याचे ऐकिवात नाही. झाकणे आणि लपविणे यांत अंतर आहे. न्हाणीघराला दार असते ते काही चोरीसाठी नव्हे.

व्हीपीएन म्हणजे तरी काय? एक बोगदा. आपल्या फोनमधून निघणारा मजकूर कुलूपबंद होऊन दूरच्या एका यंत्रापर्यंत जातो, तेथे ते कुलूप निघते आणि मजकूर पुढे आपल्या ठिकाणी रवाना होतो. स्टेशनवरच्या किंवा लॉजमधल्या फुकट वायफायचा मालक एवढेच पाहू शकतो की, गाडी बोगद्यात शिरली. ती पुढे कुठे गेली, हे त्याला दिसत नाही. परंतु बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी जो बसलेला असतो, त्याला ते दिसते. म्हणजे विश्वास ठेवण्यातून आपली सुटका होत नाही. तो फक्त एकाच्या ओटीतून दुसऱ्याच्या ओटीत जातो.

हा बोगदा बंद का पडतो, ते विज्ञानाच्या मास्तरांकडून ऐकण्यासारखे असते. त्यांचा पहिला नियम असा, की आधी ॲप बंद करून साधे इंटरनेट तरी चालते का ते पाहावे. पुष्कळदा अंगणच वाकडे असते आणि आपण नाचणारीला बोल लावतो. लॉजच्या वायफायवर आधी एक पान उघडून 'मान्य आहे' असे दाबावे लागते. ते दाबल्याशिवाय मूळ रस्ताच खुला होत नाही, मग बोगदा कोठून लागणार? कधी बॅटरी वाचविणारी सोय त्या ॲपला गुपचूप झोपविते. कधी फोनमध्ये अशी दोन ॲपे असतात. आणि ॲन्ड्रॉइड फोन एका वेळी एकालाच चालू देतो. काही ठिकाणचे जाळे बोगद्याची नेहमीची वाट अडविते. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन पद्धत बदलावी आणि टीसीपीची 443 क्रमांकाची वाट धरावी. बँकांची व दुकानांची सुरक्षित पानेही त्याच वाटेने ये-जा करतात, म्हणून ती सहसा कोणी बंद करीत नाही. आणि सर्वांत गमतीचे कारण घड्याळाचे. दूरच्या यंत्राच्या ओळखपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे लिहिलेले असते. फोनची तारीख चुकली असली, की खरे ओळखपत्रही खोटे ठरते. आपले घड्याळ न पाहता दुसऱ्याच्या सचोटीवर शंका घेणारी माणसे मला अशा वेळी आठवतात.

पण खरा नैतिक पेच पुढेच आहे. चालता चालता बोगदा मध्येच ढासळला तर काय व्हावे? काही ॲपांत 'किल स्विच' नावाची सोय असते. बोगदा तुटला, की ती सारी ये-जा थांबविते. ही सोय नसली, तर मजकूर उघड्या रस्त्याने पुढे जात राहतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लोक पहिल्यावर चिडतात. "मेले नेटच बंद पडले!" म्हणून ती सोय काढून टाकतात. दुसरे ॲप त्यांना गुणी वाटते, कारण ते कधी अडत नाही.

मला मात्र अडणारे ॲप प्रामाणिक वाटते. रेल्वेच्या जुन्या हातांच्या सिग्नलची तार तुटली, तर वजनाच्या ओढीने हात 'थांबा' याच जागी येई. बिघाड झाला तर गाडी खोळंबावी, पण फसू नये, हा त्या योजनेमागचा विचार. वर्गातही तसेच आहे. "हे मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो," म्हणणाऱ्या मास्तरांचा तास अडतो खरा. पण न अडता काहीतरी ठोकून देणारे मास्तर मुलांना उघड्यावर सोडतात आणि मुलांना ते कळतही नाही.

यावर कोणी म्हणेल, घरी माणूस अत्यवस्थ असताना इंटरनेट अडून बसले तर हे तत्त्वज्ञान काय कामाचे? मान्य. अशा वेळी पडदा खुशाल बाजूला करावा. परंतु पडदा बाजूला करणे आणि पडदा नकळत फाटणे यांत फरक आहे. पहिल्यात निर्णय आपला असतो.

आणि न अडणाऱ्या बोगद्याची एक हकीगत तर विसरता येण्याजोगी नाही. फेसबुकने 2013 साली ओनाव्हो नावाची कंपनी घेतली. तिचे 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे फुकट ॲप रक्षणाचे नाव लावून होते. प्रत्यक्षात लोक फोनवर कोणकोणती ॲपे किती वापरतात याची माहिती ते मालकाकडे पोचवीत होते. 2018 मध्ये ते ॲपलच्या दुकानातून उतरले, 2019 मध्ये बंद झाले, आणि 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने त्याबद्दल मालकाच्या दोन उपकंपन्यांना मिळून 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ध्यानात घ्यावे, की येथे जोडणी उत्तम होती. बिघाड यंत्रात नव्हे, नियतीत होता. आणि तो दुरुस्त करणारे बटण कोणत्याच सेटिंगमध्ये नसते.

आपल्याकडे 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशी सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते वगैरे माहिती 5 वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. एक्स्प्रेस व्हीपीएन, नॉर्ड व्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी त्यावर आपले भारतातील सर्व्हर काढून घेतले. गुन्हेगार सापडावा हे सरकारचे म्हणणे खोटे नाही, आणि नोंद ठेवली की पडद्याला अर्थ उरत नाही हे कंपन्यांचे म्हणणेही खोटे नाही. दोन खऱ्या गोष्टींची अशी टक्कर होते, तेव्हाच नीतीचा प्रश्न अवघड होतो.

तेव्हा संस्कृतच्या मास्तरांचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतला आहे. पडदा का घेतला, हे माणसाला जरूर विचारावे. पण पडदा पुरविणाऱ्याला आधी विचारावे, की बाबा रे, तो फाटला तर तू मला सांगशील ना? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर कोणी फुकटाचा बोगदा बसवून देत असेल, तर त्याचा खर्च कोण सोसतो, हेही विचारून ठेवावे. दिवाळीच्या दिवसांत दारोदार पणत्या लागतात. तेल संपले की पणती विझते आणि अंधार झाल्याचे आपल्याला लगेच समजते. मग उठून तेल घालता येते.