चिंचोक्यांचा हिशेब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात अप्पा आणि काकू राहत असत. अप्पांची सगळी नोकरी महालेखाकार कार्यालयात गेलेली. दुसऱ्यांच्या हिशेबातली खोट शोधायची, हेच जन्मभराचं काम. निवृत्त झाल्यावर ते काम दूधवाल्याच्या आणि पेपरवाल्याच्या बिलांवर चालू राहिलं.

त्यांचा पुतण्या सुधीर. पाटणकर बाजारात त्याचं मोबाइलचं छोटं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. दिवाळीनंतर तो मित्रांबरोबर गोवा एक्सप्रेसने गोव्याला गेला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एक रात्र रूलेट खेळला आणि चौदा हजार जिंकून परत आला. हरून आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. जुगाऱ्याचं खरं दुर्दैव म्हणजे पहिल्याच खेपेला जिंकणं.

पैशांबरोबर त्याने एक वही आणली होती. रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्याचं. चाक फिरवतात, त्यात गोळी सोडतात, ती ज्या घरात बसेल तो रंग. लालवर किंवा काळ्यावर पैसे लावून रंग आला तर लावले तेवढे वर मिळतात. टेबलाशेजारच्या पाटीवर मागचे आकडे झळकत असतात. सुधीरने ते सगळे वहीत उतरवून घेतले होते. घरी आल्यावर दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो ती वही उघडून बसे. पंधरा दिवसांत त्याला तिच्यात एक नियम सापडला.

एका रविवारी तो नियम घेऊन तो अप्पांकडे आला.

"अप्पा, लाल चारदा लागोपाठ आला की पाचव्यांदा काळ्यावर लावायचं. काळा यायलाच हवा, नाहीतर बरोबरी कशी होणार? आणि समजा नाहीच आला, तर पुढच्या डावाला दुप्पट लावायचं. पुन्हा नाही आला, पुन्हा दुप्पट. कधीतरी येईलच. आला की मागचं सगळं वसूल होऊन वर पहिल्या डावाइतका नफा."

"किती घेऊन जातोयस?"

"मालाचे ऐंशी हजार पडलेत. महिन्यात परत ठेवतो."

अप्पा रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मला त्या खेळातलं काही कळत नाही. आधी एक लहानसं काम कर. दोन कागद घे. एकावर तुझ्या काकूने दोनशे वेळा नाणं उडवायचं आणि छापा की काटा ते तू लिहायचं. दुसऱ्यावर नाणं न उडवता, मनानेच दोनशे छापा-काटा लिही, पण अगदी खरे वाटतील असे. मी सज्जात बसतो. खरा कागद कुठला ते मी ओळखलं नाही, तर पावशेर गजक माझ्याकडून."

काकूंना हा उद्योग पसंत नव्हता, पण त्यांनी नाणं उडवलं. मनाचा कागद सुधीरने फार काळजीने लिहिला. छापा जास्त होतोय असं वाटलं की काटा, काटा वाढला की छापा. दोन्ही कागद हातात आल्यावर अप्पांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

"हा खोटा."

"कशावरून?"

"तुझ्या काकूच्या कागदावर एकदा सात काटे लागोपाठ आलेत, दोनदा पाच छापे. तुझ्या मनाच्या कागदावर तीनच्या पुढे तू कधी गेलाच नाहीस. तुला धीर झाला नाही. अरे, दोनशे वेळा नाणं उडवलं की कुठेतरी सहा तरी सलग एकसारखे यायचेच. शंभरदा हा खेळ केलास तर पंचाण्णवाहून जास्त वेळा येतील. खोटी प्रवासभत्त्याची बिलं आम्ही अशीच पकडायचो. खऱ्या बिलात तोच आकडा लागोपाठ तीनदा येतो, मग महिनाभर येत नाही. खोटं लिहिणारा मात्र आकडे कसे छान पसरून टाकतो."

सुधीर गप्प बसला.

"आता तुझ्या वहीकडे बघ. लाल चारदा आला की काळा यायला हवा, हे म्हणतंय कोण? चाक म्हणतंय का? चाकाला आठवण नसते रे. मागे काय आलं ते वहीला माहीत असतं, तुला माहीत असतं, गोळीला माहीत नसतं. तिच्यासमोर दर वेळी तीच ३७ घरं, त्यात १८ काळी. बरोबरी करण्याचं कर्ज तिने कुणाकडून घेतलेलं नाही."

मग त्यांनी मोंटे कार्लोची हकिकत सांगितली. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री तिथल्या एका टेबलावर काळा लागोपाठ २६ वेळा आला. दहा-बारा काळे झाल्यावर खोलीतली माणसं धावत आली आणि लालवर पैसे ओतू लागली, कारण आता लाल यायलाच हवा होता. प्रत्येक काळ्यानंतर त्यांची खात्री वाढत गेली, रकमा वाढत गेल्या. सत्ताविसाव्या वेळी लाल आला, पण तोवर बहुतेकांचे खिसे रिकामे झाले होते.

"आणि मला सांग," अप्पा म्हणाले, "मागच्या आकड्यांची ती पाटी कोणी लावली? कॅसिनोनेच ना? तेही फुकट? तिजोरीची किल्ली कोणी दाराबाहेर खुंटीला टांगून ठेवतो का?"

यावर सुधीरकडे उत्तर होतं. त्याने फोनवर वाचलं होतं की माणसांनी रूलेटला हरवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशायरच्या कापड धंद्यातल्या जॅगर नावाच्या माणसाने मोंटे कार्लोत मोठी रक्कम जिंकली होती. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी अंगावर लपवता येईल एवढं यंत्र बनवून लास व्हेगासमध्ये नेलं होतं. "ते काय मूर्ख होते?"

"मुळीच नाही. म्हणूनच त्यांनी काय केलं ते नीट वाच. जॅगर सूतगिरण्यांच्या गावचा माणूस. आपल्या जे. सी. मिलमधल्या जुन्या कारागिराला विचार, चाती किंचित वाकडी फिरली तरी त्याच्या कानाला कळायचं. जॅगरने माणसं बसवून प्रत्येक चाकाचे आकडे लिहून घेतले आणि एक चाक सदोष आहे हे पकडलं. दुसऱ्या दोघांनी चाकाचा आणि गोळीचा वेग मोजून ती कुठे पडेल याचा अंदाज बांधला. दैवाला कोणीच हरवलं नाही. एकाने सुताराची चूक धरली, दुसऱ्यांनी गोळीची चाल मोजली. तुझ्या वहीत यातलं काय आहे? रंगच लिहिलेस ना?"

वहीत रंगच होते. तरी सुधीरचा दुप्पटीवरचा विश्वास हलला नव्हता. वही खोटी असेल, पण कधीतरी काळा येणारच, हे तर खरं होतं! आणि ते खरंच होतं. अप्पांनीही ते नाकारलं नाही. त्यांनी काकूंना पितळी तांब्या आणायला सांगितला.

सदतीस चिठ्ठ्या केल्या, अठरा लाल शाईच्या, अठरा काळ्या, एक कोरी. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालणारा सट्टा १९६१ च्या सुमारास बंद पडला, तेव्हा आकडे असेच चिठ्ठ्यांवर लिहून मटक्यातून काढायला लागले होते. त्या मानाने तांब्या बराच प्रतिष्ठित. पैशांऐवजी चिंचोके. काकूंनी डब्यातून तीनशे मोजून दिले. ते किराण्याच्या चिंचेतले होते. ग्वाल्हेरला हे सांगावं लागतं, कारण इथे तानसेनच्या समाधीपाशी एक चिंच आहे आणि तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत आहे. पाला खाणाऱ्यांतले जे गवई झाले त्यांची नावं राहिली. बाकीच्यांनी नुसता पाला खाल्ला, त्यांना कोण मोजतं? कॅसिनोच्या गोष्टींचंही थोडंफार असंच असतं.

खेळ सुरू झाला. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकून तांब्या हलवायचा. सुधीर एक चिंचोका लावे. गेला तर दोन, मग चार, मग आठ. काळा आला की पुन्हा एकपासून. चहा होईपर्यंत त्याच्याकडे तीनशे चौदा झाले. त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो पुन्हा आला. तीनशे तीस, तीनशे एकेचाळीस. काकूसुद्धा म्हणाल्या, "अहो, जिंकतोय की तो!"

अप्पा काही बोलले नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी लाल आला. मग लाल, लाल, कोरी, लाल. सुधीर सोळा लावून हरला होता, त्याने बत्तीस लावले. लाल. चौसष्ट. लाल. एकशे अठ्ठावीस मोजताना त्याचे हात थरथरत होते, आणि चिंचोकेच होते ते. काकूंनी चिठ्ठी उघडली आणि न वाचता तशीच दाखवली. लाल.

आठ डावांत दोनशे पंचावन्न चिंचोके गेले. पुढच्या डावाला दोनशे छप्पन्न हवे होते. त्याच्याकडे शंभरही उरले नव्हते.

"आणखी असते तर..." सुधीर म्हणाला.

"आणखी असते तर आणखी गेले असते. शिवाय कॅसिनोच्या टेबलाला वरची मर्यादा असते. ठरावीक रकमेपुढे दुप्पट करूच देत नाहीत. आता बस, ताळेबंद काढू." अप्पांनी पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. "काळा न येण्याची घरं १९, शून्य धरून. आठही वेळा लागोपाठ हुकण्याचा प्रसंग सरासरी २०७ फेऱ्यांत एकदा येतो. म्हणजे २०६ फेऱ्यांत तू एकेक चिंचोका जिंकणार. जमा २०६. एका फेरीत सगळे देणार. नावे २५५. आता मला सांग, हा धंदा तू पाटणकर बाजारात केला असतास का? आणि तू म्हणतोस ना, चार लाल होईपर्यंत थांबेन? थांब. चाळीस लाल होईपर्यंत थांब. रकान्यातला एक आकडाही बदलणार नाही."

"पण मी पहिल्यांदा जिंकलो होतो."

"दोनशे सहा फेऱ्यांत जिंकतोस म्हटलं की मी. मला चटकन हरणाऱ्यांची भीती नाही वाटत. ते घरी येतात."

सुधीरने ऐंशी हजार मालाच्या पेटीत परत ठेवले आणि गोव्याचं तिकीट रद्द केलं. रद्द करण्याचा आकार कापला गेला, त्याची अप्पांनी वेगळी नोंद केली. त्याच्याबरोबर जाणारे दोघे मित्र मात्र ठरल्या दिवशी गेले, आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या सोयीचं झालं नाही. एक हरून आला, पण दुसरा नऊ हजार जिंकून आला. महिनाभर तो महाराज बाड्यावर, चहाच्या टपरीवर, जिथे भेटेल तिथे सुधीरची थट्टा करत होता. काकांच्या तांब्याने तुझं नशीब पाण्यात बुडवलं, म्हणायचा. सुधीरला ते लागायचं. एकदा तर त्याने वही पुन्हा काढली होती.

मकर संक्रांतीच्या सुमाराला, ग्वाल्हेरचा मेळा भरलेला असताना, तोच मित्र वही मागायला दौलतगंजात आला. त्या रात्रीच्याच गाडीचं तिकीट होतं. काकूंनी तिळगूळ दिला. अप्पांनी जुना कागद काढून त्याच्यासमोर पुन्हा सगळा हिशेब मांडला, जमा-नावे सकट. त्याने मन लावून ऐकलं. मधे दोनदा शंकाही विचारल्या, आणि त्या शहाण्या होत्या. अप्पांना वाटलं, पटतंय.

"म्हणजे काका, खराब फेरी येते ती २०७ वी."

"सरासरीने."

"मग सोपं आहे. २०६ झाल्या की उठायचं."

सुधीर त्याला दारापर्यंत पोचवायला गेला. जिन्यावर त्याने विचारलं, "पण मोजायला सुरुवात कुठून करणार?"

मित्राने चपला घालता घालता जरा विचार केला. "गेल्या खेपेला चाळीस फेऱ्या झाल्यात माझ्या," तो म्हणाला. "म्हणजे अजून १६६ शिल्लक आहेत."