मांजराची माया

चाकणच्या कारखान्यांतून रात्रपाळीच्या बसगाड्या आत्ता भोसरी-निगडीकडे निघाल्या असतील. घरातली माणसं झोपेत, म्हणून दाराशी स्वागताला पुष्कळदा मांजरच असतं. पायात घोटाळणं, घुरघुर, सगळे लाड. आणि दिवसा जरा डोळा लागला की तेच मांजर छातीवर उभं राहून ओरडतं! सोफ्याच्या चिंध्या झालेल्या असतात त्या वेगळ्याच. "लांब सोडून येते हिला," असं चिडून म्हणणारी बाईच संध्याकाळी तिच्यासाठी बोंबील घेऊन येते.

मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं, असं आपण सर्रास बोलतो. मला ते कधीच पटलं नाही. अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले यांनी मांजराची पिल्लं अनोळखी खोलीत दोन मिनिटं एकटी ठेवली. पालक परतल्यावर जवळपास दोन तृतीयांश पिल्लं त्याला भेटून निवांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. २०१९ च्या या अभ्यासातलं प्रमाण माणसांच्या तान्ह्या मुलांइतकंच निघालं.

घुरघुर मात्र फसवी. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. खाणं सोडून कोपऱ्यात दडलं, तर डॉक्टर गाठावा. डोळ्यांची भाषा सोपी आहे. आपण सावकाश डोळे मिटून उघडले, तर अनेक मांजरं तसंच उत्तर देतात, असं ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये दिसलं. घरी पोचलात की करून बघा. दुपारी झोपू देईल, याची हमी मात्र त्यांनीही दिलेली नाही.