कर्जबाजारी व्हायलाही ऐपत लागते

ऑगस्ट 2021 मध्ये बार्सिलोनाचे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी पत्रकारांना सांगितले, की क्लबवर 1.35 अब्ज युरोंचे कर्ज आहे. त्याच महिन्यात मेस्सी डोळे पुसत क्लबबाहेर पडला, कारण स्पॅनिश लीगच्या वेतनमर्यादेत त्याचा नवा करार बसेना. आमच्या जबलपुरात, सदरच्या बाजारात, बार्सिलोनाचे निळे-लाल टी-शर्ट त्यानंतरही खपत होते, पाठीवर मेस्सीचे नाव आणि दहाचा आकडा असलेले. माल अर्थातच नकली, त्यातली दमडीही क्लबला पोचत नाही. पण दिवाळे वाजत आलेल्या एका परदेशी क्लबचे नाव नर्मदेकाठच्या गावात विकले जाते, ही गोष्ट मला त्या 1.35 अब्जांइतकीच महत्त्वाची वाटते. सावकार कर्ज देतो ते याच नावावर.

जबलपूरच्या मराठी घरांत कर्जाचा विषय दबक्या आवाजात निघतो. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, रेल्वे, वीज मंडळ, हायकोर्ट अशा पगाराच्या नोकऱ्यांवर ही वस्ती उभी राहिली. फंडातून उचल काढायची ती मुलीच्या लग्नाला नाहीतर घराच्या स्लॅबला, आणि फिटेपर्यंत जिवाला घोर. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला युरोपातल्या क्लबांचे ताळेबंद म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा वाटतो. बराचसा तो आहेही. तरी भारतातले क्लब एकामागून एक मिटताना पाहिल्यावर माझे मत हळूहळू उलटे झाले आहे. आपल्याकडचा क्लब कर्जापायी मरत नाही. त्याला कर्ज द्यावे असे कुणाला वाटतच नाही, म्हणून तो मरतो.

बोरुसिया डॉर्टमुंडचेच बघा. 1997 मध्ये युरोपचे विजेते, 2000 मध्ये शेअर बाजारात, आणि 2005 मध्ये गळ्यापर्यंत बुडालेले. स्टेडियमसुद्धा एका गुंतवणूक फंडाला विकून परत भाड्याने घेतलेले. मार्चमध्ये ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर त्या फंडाच्या गुंतवणूकदारांची बैठक भरली. क्लबला मुदत द्यायची, की दरवाजे बंद होऊ द्यायचे? त्यांनी मुदत दिली. यात दयेचा भाग किती होता, देव जाणे. ऐंशी हजार माणसे मावणारे ते मैदान क्लबशिवाय रिकामे पडले, तर त्याची किंमत काय उरणार, हा हिशेब मात्र प्रत्येकाला कळत होता. 2011 आणि 2012 मध्ये तोच क्लब जर्मनीचा विजेता झाला. कर्जाने त्याला खड्ड्यात घातले हे खरे, पण माणसे मैदानात येतच राहतील हा भरवसा आधी होता म्हणून ते कर्ज मिळाले होते, आणि बाहेर काढले तेही त्याच भरवशाने.

या भरवशाचा गैरफायदा घेणारेही निघतात. 2005 मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांत मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. त्यातली बरीच रक्कम उसनी होती आणि तिचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. 1931 नंतर जवळजवळ कर्जमुक्त राहिलेल्या क्लबने मग स्वतःच्याच खरेदीचे व्याज भरायला सुरुवात केली. कायद्याने ते बसत होते, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. बार्सिलोनाचा मार्ग वेगळा. तिथे मालक नाही, सभासद आहेत. त्या सभासदांच्या संमतीने 2022 मध्ये क्लबने टीव्ही हक्कांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पुढल्या 25 वर्षांसाठी विकला. शेतकरी अडचणीत उभे पीक विकतो, यांनी न पेरलेलेही विकले.

पोर्ट्समथची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. 2008 मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब 2010 मध्ये प्रशासकाच्या हाती गेला. घेणेकऱ्यांची यादी जाहीर झाली, तीत कोट्यवधींचे आकडे होतेच, पण सामन्याच्या दिवशी प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन अँब्युलन्स या सेवाभावी संस्थेचे जेमतेम 2,700 पौंडही थकलेले होते. इंग्लंडमध्ये रिवाज असा, की दुसऱ्या क्लबांची आणि खेळाडूंची देणी आधी आणि पूर्ण भागवायची, बाकीच्यांच्या हाती उरलेसुरले. म्हणजे लक्षाधीश सेंटर फॉरवर्डचे पैसे सुरक्षित, आणि बँडेज बांधणारा रांगेत मागे. याच शहरातल्या लोकांनी प्रत्येकी हजार पौंडांचा वाटा उचलत 2013 मध्ये क्लब विकत घेतला, आणि चार वर्षांनी, त्यांच्याच मतदानाने, तो डिस्नेच्या माजी प्रमुखाला विकला. विकला म्हणून नाके मुरडणारे मुरडोत. विकायला काहीतरी त्यांच्या हातात होते, हे महत्त्वाचे.

आता पुण्याकडे वळू. 2015 ते 2019 या काळात बालेवाडीच्या एका मैदानावर खेळणारे चार क्लब मिटले. अशोक पिरामल ग्रुपचा पुणे एफसी 2007 मध्ये सुरू झाला, 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता होता आणि त्याची अकादमी देशात नावाजलेली होती. 2015 मध्ये तो बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने 2017 मध्ये गाशा गुंडाळला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याचे मालक डी. एस. कुलकर्णी ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटकेत होते. एफसी पुणे सिटी वाधवानांचा. त्यांची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी ज्या वर्षी कोसळली त्याच 2019 मध्ये तो संपला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला गेली. (डीएचएफएल पुढे घेतली ती अजय पिरामल यांच्या समूहाने. पुण्याच्या फुटबॉलला पिरामल नाव वळसा घालून पुन्हा भेटले, फुटबॉल मात्र परतले नाही.)

या चौघांपैकी एकाच्याही बाबतीत डॉर्टमुंडसारखी बैठक भरली नाही. भरणार कोण? क्लबला उसने दिलेले कुणी नव्हते, स्टेडियम सरकारी, सीझन तिकिटांचे उत्पन्न किरकोळ. खर्च मालक समूहाच्या खिशातून व्हायचा आणि एका पत्रकाने थांबायचा. मूळ उद्योग अडचणीत असलाच पाहिजे, असेही नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, आणि 2010 मध्ये कंपनी ठणठणीत असताना संघ बंद झाला. गोव्यात लोक खरोखर फुटबॉलवेडे, तरीही 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. तिथे पैशांपेक्षा भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा राग होता, पण निर्णय पुन्हा मालकाच्याच बैठकीत झाला. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेल्या धेंपोच्या प्रेक्षकाला कुणी विचारले नाही. विचारायची सोय कुठल्या घटनेत लिहिलेली नव्हती.

जबलपुरात ही अडचण आली नाही, कारण असा क्लबच इथे झाला नाही. 1985-86 ची संतोष ट्रॉफी आमच्या गावात झाली आणि पंजाबने जिंकली. त्या काळी या स्पर्धेत उतरणारी पोरे पोलीस, रेल्वे, बँका नाहीतर गिरण्यांच्या हजेरीपटावर असत. आमच्या फॅक्टऱ्यांतला फुटबॉल त्याच घडणीचा. खेळाडू म्हणजे आधी कर्मचारी. त्याच्या खेळाचा खरा करार म्हणजे रजेचा अर्ज. फोरमनने सही केली तर दुपारी सराव, नाहीतर दुसरी पाळी. हा फुटबॉल बुडू शकत नव्हता, कारण त्याला ताळेबंदच नव्हता. गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा आणि निवृत्तीला पेन्शन मिळायचे. महिनोन्‌महिने पगार थकलेल्या हैदराबाद एफसीच्या खेळाडूंना विचारा, ते या सौद्याला हसणार नाहीत.

पण खेळ खात्याचा होता, गावाचा नव्हता. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, गन कॅरेज कानपूरच्या कंपनीकडे, व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कंपनीकडे. संप आणि मोर्चे नोकऱ्यांच्या हक्कांसाठी झाले, आणि ते योग्यच होते. फॅक्टरीच्या फुटबॉलचे पुढे काय, हा प्रश्न घेऊन राइट टाउनच्या स्टेडियमवर कुणी जमले नाही.

कोल्हापुरात जमतील. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले, की पेठाच्या पेठा गॅलरीत. तालमीचे पैसे वर्गणीतून, दुकानदारांकडून, पुढाऱ्यांकडून येतात. त्यातून आफ्रिकेतले खेळाडूही आणले जातात. हिशेब फार चोख असतात असा माझा दावा नाही, आणि हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागतात ही लाजेची गोष्ट आहे. मात्र एखादा पुढारी रुसला म्हणून तालीम बंद पडत नाही. दुसरा शोधतात. पेठ कुणाच्या मालकीची नसते.

आयएसएलने पेठ बाजूला ठेवून थेट मालकापासून सुरुवात केली. महासंघाने 2010 मध्ये व्यापारी हक्क एका कंपनीला पंधरा वर्षांसाठी दिले. डिसेंबर 2025 मध्ये संपणारी ती मुदत जवळ आली तसा अख्खा हंगाम लटकला, आणि बेंगळुरू एफसीसारख्या क्लबने पगार थांबवले. त्याच डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा जुन्या मालकांना देऊन काढता पाय घेतला. मँचेस्टर सिटीचेच हे मालक, 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेऊन आले होते. त्यांच्या काळात क्लबने दोनदा आयएसएल चषक जिंकला. एवढ्यावर त्यांना थांबवेल असे काही इथे तयार झाले नव्हते.

उद्या जबलपूरच्या नावाने कुणी क्लब काढायला निघाला, तर मालक कोण, हे मी शेवटी विचारीन. आधी राइट टाउन, रांझी आणि गढा मिळून किती घरे वर्षभराच्या तिकिटाचे पैसे आगाऊ मोजतात ते बघू. हजारभर निघाली, तर ती यादी घेऊन बँकेत जायला मी तयार आहे. मॅनेजर कर्ज देईल न देईल, निदान खुर्ची तरी पुढे करील.