टंचाई, संशय आणि आपला संयम

सणासुदीच्या तोंडावर एखादी वस्तू बाजारातून एकाएकी दिसेनाशी झाली, की मनात प्रश्न उठतो : माल खरोखरच संपला, की भाव चढावा म्हणून दडवला? वाचकहो, प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर देतानाही आपण अल्लाहपुढे जबाबदार असतो.

प्लेस्टेशन-५ या खेळयंत्राचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन नाताळच्या खरेदीच्या आधी, ते परदेशांत विक्रीस आले आणि हातोहात संपले. भारतात १२ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेली आगाऊ नोंदणी काही मिनिटांतच बंद झाली. किंमत ४९,९९० रुपये होती. पण त्या किमतीत यंत्र मिळणे दुरापास्त आणि चढ्या भावाने विकणारे मात्र हजर! गिरगावच्या खोताच्या वाडीतून लॅमिंग्टन रोडचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इतक्या जवळच्या बाजारातूनही रिकाम्या हाताने परतावे लागले, तर संशय बळावणारच.

तरीही उत्पादकाने माल मुद्दाम रोखला, असे म्हणायला आधार कोणता? त्या काळी चिपच्या तुटवड्यामुळे मोटारींच्या कारखान्यांनाही उत्पादन घटवावे लागले होते. शिवाय प्रारंभी हे यंत्र तोट्यात विकले जात होते; कमाई पुढे खेळांच्या विक्रीतून व्हायची. सूरह हुजुरात आपल्याला बातमीची शहानिशा करण्यास (आयत ६) आणि फाजील संशयापासून दूर राहण्यास (आयत १२) शिकवते. ही शिकवण व्यापाऱ्याविषयी बोलतानाही लागू आहे.

मात्र जे उघड आहे, त्यावर पांघरूण घालू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साठेबाजी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आहे. शाफिई फुकहांच्या मते इहतिकारचा हुकूम मुख्यतः अन्नधान्यापुरता आहे; इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते जी वस्तू रोखल्याने लोकांना अपाय होतो, ती प्रत्येक वस्तू त्यात येते. खेळयंत्राबाबत म्हणूनच मतभेदाला वाव राहतो. परंतु काफिला बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून माल घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली होती. संगणकाच्या साहाय्याने क्षणार्धात सारा माल उचलून तो दामदुपटीने विकणाऱ्याने या मनाईमागचा हेतू ओळखावा. आणि माल भरपूर असताना ‘शेवटचे दोनच नग’ असे सांगणे ही तर निव्वळ फसवणूक. तिच्याविषयी मतभेद नाही. भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी खोटी घाई अनुचित ठरवली आहे.

आता स्वतःकडे पाहू. धान्य दडवणाऱ्यापुढे भुकेला माणूस लाचार असतो. खेळयंत्र दडवणाऱ्यापुढे आपल्याला कोणी लाचार केले? शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून आपल्या मुलालाही ईदला हवेच, या हट्टापायी घरखर्चाला कात्री लावून दीडपट दाम मोजणारा पालक साठेबाजाच्या धंद्याला हातभारच लावतो. ‘बाळा, थोडे थांबू, रास्त भावात घेऊ,’ असे सांगणे म्हणजे मुलाला वंचित ठेवणे नव्हे. तो सब्रचा पहिला धडा आहे, आणि तो घरातच मिळायला हवा.

अल्लाह आपली जीभ अकारण संशयापासून, आपला व्यापार कपटापासून आणि आपले मन हावेपासून सुरक्षित ठेवो. आमीन.